आठवडाभर उभी गाडी सुरू होत नाही: बॅटरी बदलू की अलार्म काढू?

टेकडीवरची · शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बाबांची गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि कर्वेनगरला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते. मी एरंडवण्यात राहते. बहुतेक रविवारी जाऊन मी ती चालवते, बाकी आठवडाभर ती उभीच. गेल्या वर्षभरात ही गाडी पाच वेळा सुरू झाली नाही. चार वर्षांत ही तिसरी बॅटरी, तीही जेमतेम चौदा महिन्यांची.

मागच्या मंगळवारपर्यंत मी हे चालवून घेत होते. मंगळवारी रात्री अडीचला बाबांना श्वास लागला. मी नेमकी तिथेच मुक्कामाला होते. त्यांना एकेक पायरी करत खाली आणलं, गाडीत बसवलं, किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक-टिक. मीटरवरचे दिवे मंद होत होत विझले. आईच्या हातात फाइल आणि पाण्याची बाटली, आणि बाबाच मला धीर देतायत, "घाई करू नकोस, होईल सुरू." तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच त्यांची गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. बाबा आता घरी आहेत, बरे आहेत. पण ती दहा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत, आणि आता हे काम मला पुढे ढकलायचं नाहीये.

गाडीला २०१७ साली एका दुकानातून अलार्म बसवून घेतला होता. रिमोट, सेंट्रल लॉक आणि सायरन. मोठा पाऊस झाला की तो रात्री-बेरात्री वाजतो. गणपतीत ढोल-ताशा पथक गल्लीतून गेलं की हमखास वाजतो. बॅटरीवाला म्हणतो, ३५च्या जागी ४५ अँपिअरची टाका, विषय संपला. गॅरेजवाले म्हणतात, अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरतो तो) उघडून बघावा लागेल. शेजारी म्हणतात, अलार्म काढून टाका. बाबा अलार्म काढायला तयार नाहीत, कारण त्यांच्या आधीच्या गाडीतला स्टिरिओ चोरीला गेला होता आणि ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

खरं कारण कसं शोधायचं आणि बॅटरी घ्यायचीच झाली तर काय बघून घ्यायची, हे कुणी नीट सांगेल का?

नऱ्हे_आंबेगाव · शुक्रवार, रात्री १०.०५

मी ३५ची काढून ४५ची टाकली, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. जास्त महिन्यांच्या वॉरंटीची घ्या आणि मोकळ्या व्हा. बाबांची काळजी घ्या.

वायरिंगवाला · शुक्रवार, रात्री ११.१२

ताई, बाबा सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. बॅटरी अजून घेऊ नका. वारज्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, बावीस वर्षं झाली. माझ्याकडे वर्षा-दीड वर्षात बॅटरी बसली म्हणून येणाऱ्या गाड्यांत निम्म्यांची बॅटरी मुळात चांगली असते. गाडीतलं काहीतरी तिला रात्रंदिवस पीत असतं. ते तसंच ठेवून नवी टाकली तर तीही त्याच वाटेने जाणार, आणि तुमच्याकडे दोनदा तेच झालंय.

बंद, लॉक केलेली गाडीही थोडा करंट घेतेच. घड्याळ, ईसीयूची म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी, रिमोटचा रिसीव्हर यांना तो लागतो. २० ते ५० मिलीअँप इतका असला तर ठीक (हजार मिलीअँप म्हणजे एक अँपिअर). आता हिशेब करा. ३० मिलीअँप म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, बॅटरीचा ३५ हा आकडाही याच मापातला. ३५च्या बॅटरीला महिनाभर उभं राहिल्यावर त्रास होईल, आठवड्यात होणार नाही. तेच ३०० मिलीअँप असेल तर दिवसाला ७.२, म्हणजे पाच दिवसांत टाकी रिकामी. तुमची गाडी आठवड्यात मरते, तेव्हा आकडा याच्या आसपास असणार असा माझा अंदाज.

मोजायचं असं. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला. काळी वायर कॉमनमध्ये, लाल १० अँपिअरच्या भोकात, आणि चकती डीसी अँपिअरवर. बॉनेट उघडं ठेवा, पण बॉनेटला आणि दाराला जे लॉक असतं त्याची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करून घ्या, म्हणजे गाडीला वाटेल सगळं बंद आहे. रिमोटने लॉक करा. दहाच्या पान्याने बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवरच्या क्लॅम्पचा नट सैल करा. क्लॅम्प उचलण्याआधी मीटरची एक पिन पोलवर आणि दुसरी क्लॅम्पवर दाबून धरा, आणि मग क्लॅम्प उचला. सप्लाय तुटत नाही, त्यामुळे अलार्म ओरडत नाही. आकडा सुरुवातीला मोठा दिसेल, घाबरू नका. गाडी झोपायला वीस मिनिटं ते पाऊण तास घेते. त्यानंतर जो आकडा स्थिर राहील तो खरा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही, सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज तिथेच उडतो. आणि काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात लावायची. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि दोन्ही पोलांना पिना लागल्या तर सरळ शॉर्ट होतं.

जुनी_पद्मिनी · शनिवार, सकाळी ७.२०

वायरिंगवाले, तुमचं मोजमाप मान्य. पण अलार्मवर थेट बोट ठेवू नका. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला तरी बंद गाडीत बॅटरी उलटी तिथूनच गळते. माझ्या गाडीत हेच निघालं होतं. तीन महिने मी स्टिरिओच्या वायरी शोधत होतो. गाडी चालू असताना अल्टरनेटर व्यवस्थित १४ व्होल्ट दाखवत होता, म्हणून कुणाला संशयच आला नाही.

आणि ताई, आठवड्यातून एकदा चालवता म्हणजे किती चालवता? कर्वेनगर ते डहाणूकर कॉलनी आणि परत असं असेल तर सेल्फने घेतलेलंच जेमतेम भरून निघतं. सिग्नलला उभं राहून, एसी आणि हेडलाइट लावून बॅटरी चार्ज होत नाही, हे पुण्यात आपण सगळेच विसरतो.

वायरिंगवाला · शनिवार, सकाळी ८.०२

काका, डायोडचं अगदी बरोबर. मी अलार्मवर बोट ठेवत नाही, मोजल्याशिवाय कशावरच ठेवत नाही. फ्यूज काढून काही सापडलं नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघायचीच आहे.

टेकडीवरची · शनिवार, रात्री ८.५०

आज सकाळी तापकीर गल्लीत जाऊन मीटर आणला. दुकानदाराने १० अँपिअरचं भोक दाखवून, दोन्ही फ्यूज उघडून दाखवूनच दिला.

आधी व्होल्ट पाहिले. काल संध्याकाळी काकांच्या गाडीवरून जंप देऊन सुरू केली होती आणि खडकवासल्यापर्यंत जाऊन आले, सव्वा तास. आज सकाळी अकराला, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, १२.२.

मग करंट मोजला. दाराच्या लॉकमध्ये स्क्रू-ड्रायव्हर, बॉनेटच्या लॉकमध्ये दुसरा, आणि बाबा खुर्ची टाकून घड्याळ धरून बसले होते. सुरुवातीला १.९ अँपिअर. चार मिनिटांनी ०.६. पंचविसाव्या मिनिटाला ०.३४ वर आला आणि तिथेच थांबला. बाबांनी पुढचा अर्धा तास दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. ०.३४, ०.३४, ०.३५, ०.३४. खाली येतच नाही. अलार्मचा लाल दिवा लुकलुकला की शेवटचा आकडा किंचित हलतो, इतकंच.

म्हणजे ३४० मिलीअँप. दिवसाला आठच्या वर. चार दिवसांत सगळी. मला आकडा बघून रडायलाच आलं, कारण दोन बॅटऱ्या आम्ही उगाच टाकून दिल्या असणार.

वायरिंगवाला · शनिवार, रात्री ९.२५

उत्तम काम केलंत. बाबांनाही सांगा, अर्धा तास आकडा लिहिणारा माणूस माझ्या दुकानात मला हवा आहे.

उद्या फ्यूज. मीटर तसाच लावून, गाडी झोपू देऊन, एकेक फ्यूज उपटायचा आणि आकडा बघायचा. बॉनेटमधला डबा आधी, मग स्टिअरिंगखालचा. दार उघडावं लागलं तरी लॉकची जीभ दाबलेलीच राहू द्या, नाहीतर दिवा लागेल आणि पुन्हा पाऊण तास थांबावं लागेल. काढलेला फ्यूज त्याच जागी परत, रंग बघून. लाल १०चा, निळा १५चा, पिवळा २०चा. काढण्याआधी डब्याचा फोटो काढून ठेवा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली आला नाही तर निराश होऊ नका, तो मोठा पुरावा आहे. बाहेरून बसवलेल्या अलार्मची वायर बऱ्याचदा गाडीच्या फ्यूज बॉक्समधून घेतलेलीच नसते. थेट बॅटरीवरून किंवा किल्लीच्या वायरिंगला कट मारून घेतलेली असते, आणि तिचा फ्यूज वायरीतच लोंबकळत असतो.

पाषाणकर · शनिवार, रात्री १०.१०

मध्येच विचारतो. माझ्या गाडीत अलार्म नाही, पण डॅशकॅम पार्किंग मोडवर आहे आणि जीपीएस ट्रॅकर आहे. दहा दिवस गावाला गेलो की गाडी मेलेली. यातही असंच मोजायचं का?

वायरिंगवाला · शनिवार, रात्री १०.३०

मोजायचं असंच. पण तुमचा संशयित समोरच आहे, पार्किंग मोड. ट्रॅकर फार घेत नाही, कॅमेरा घेतो. कॅमेऱ्याला लो व्होल्टेज कट-ऑफवालं (व्होल्ट ठरावीक आकड्याखाली गेले की कॅमेरा बंद करणारं) वायरिंग किट बसवा आणि कट-ऑफ १२.४ वर ठेवा. बरेच जण जास्त वेळ रेकॉर्डिंग मिळावं म्हणून ११.८ वर ठेवतात. ११.८ म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी, सेल्फला उरतं काय? गावाला जाताना कॅमेऱ्याची पिन काढूनच जा.

टेकडीवरची · रविवार, दुपारी ४.१५

सापडलं! सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

बॉनेटमधले सगळे फ्यूज काढले, ०.३४च. आतल्या डब्यात गाडीच्या छताच्या दिव्याचा फ्यूज काढला तर साधारण १० मिलीअँप कमी, स्टिरिओचा काढला तर तेवढेच. बाकी कशाने काही नाही. मग वायरिंगवाले दादांनी सांगितलं तसं वायरीतला फ्यूज शोधला. स्टिअरिंगच्या खाली, क्लचच्या वर हात घालून चाचपलं तर काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला काडेपेटीएवढा डबा लागला. चिकटपट्टी उन्हाने वितळून बोटांना डिंकासारखी लागत होती. त्यातून येणाऱ्या लाल वायरीवर काचेचा फ्यूज, १५चा. तो फिरवून काढला आणि बाबा बाहेरून ओरडले, "अठ्ठावीस!"

०.३४चे २८ मिलीअँप. माझे हात थरथरत होते.

मग मी फ्यूज परत लावून बॉनेटमध्ये सायरन शोधला. डाव्या हेडलाइटच्या मागे, खाली तोंड करून पत्र्याला स्क्रूने बसवलेला. हात लावला तर कोमट. गाडी परवा संध्याकाळपासून उभी, इंजिन थंडगार, आजूबाजूचा सगळा पत्रा गार, आणि तो एकटा सायरन चहाच्या रिकाम्या कपासारखा कोमट. त्याचा कनेक्टर काढला तर आकडा ५२ मिलीअँपवर आला. म्हणजे गाडीचे २८, अलार्मच्या डब्याचे २४, आणि उरलेले २८८ एकटा सायरन खातो. न वाजता.

एक सायरन गप्प बसून इतका करंट कसा घेतो?

वायरिंगवाला · रविवार, संध्याकाळी ५.४०

शाब्बास ताई! कोमट लागणं हीच खूण. साडेतीन वॉट चोवीस तास तिथे जळतायत.

त्या सायरनच्या आत त्याची स्वतःची छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. चोराने मोठ्या बॅटरीची वायर कापली तरी सायरन वाजावा म्हणून ती दिलेली. चार-पाच वर्षांत ती मरते, सेल शॉर्ट होतात, पाणी शिरून आतली पट्टी गंजते. आतलं सर्किट मात्र तिला भरायचा प्रयत्न करतच राहतं. ती भरत नाही आणि सर्किट थांबत नाही. तुमच्याकडे हे हळूहळू वाढत गेलं असणार, म्हणून पहिली बॅटरी जास्त टिकली आणि पुढच्या लवकर गेल्या.

लोकांना वाटतं अलार्म रात्री केकाटतो म्हणून बॅटरी उतरते. तसं नाही. चार इंडिकेटर प्रत्येकी २१ वॉट, म्हणजे ७ अँपिअर, सायरनचा एक धरा. अर्धा मिनिट वाजला तर ०.०७ अँपिअर-अवरसुद्धा जात नाहीत. रात्रीत वीसदा वाजला तरी सव्वा-दीडच्या आत. तुमचा मुका सायरन दिवसाला सात खात होता.

उलटं मात्र होतं. बॅटरी उतरली की व्होल्टेज खाली येतं, अलार्मला वाटतं कुणी वायरीशी खेळतंय आणि तो वाजतो. पावसात वाजतो तो बहुधा बॉनेटच्या पिन स्विचमुळे. बॉनेटची कड उचलून बघा, स्प्रिंगवाली छोटी पिन असेल.

टेकडीवरची · रविवार, संध्याकाळी ६.२०

पिन पूर्ण गंजलेली आहे, दाबली की अर्ध्यातच अडकते. फोटो काढून बाबांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "शेजारच्या आजींची झोप किती वर्षं मोडली आपण." उद्या त्यांच्याकडे जाऊन येणार आहेत.

नऱ्हे_आंबेगाव · रविवार, संध्याकाळी ६.४५

मी ४५ टाका म्हणालो होतो, ते मागे घेतो. हिशेब केला. दिवसाला आठच्या वर जात असताना दहा अँपिअर-अवर जास्त मिळाले असते तर सव्वा दिवस वाढला असता. माझ्याकडे बॅटरी खरंच जुनी झाली होती, म्हणून फरक दिसला. तुमचा प्रश्न वेगळा होता. आता मीही माझ्या गाडीचा ड्रेन, म्हणजे बंद गाडीतली ही गळती, मोजणार.

चिंचवड_७८ · रविवार, रात्री ९.००

मी आयुष्यभर बॅटरीच्या धंद्यात होतो, आता निवृत्त आहे. ड्रेन सापडला, छान झालं. आता बॅटरीचं बोलू, कारण ताईंच्या बॅटरीने चौदा महिन्यांत पाच वेळा तळ गाठलाय.

गाडीच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येक सेल पूर्ण भरलेला असताना साधारण २.१ व्होल्ट. म्हणून निवांत उभ्या बॅटरीचे १२.६ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे पाव. ११.९च्या खाली रिकामीच समजा. ही बॅटरी सेल्फला क्षणभर खूप करंट देण्यासाठी बनवलेली असते, म्हणून तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त. इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी तळापर्यंत उतरवायला ती बनवलेलीच नाही. रिकामी होऊन पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. मग चार्जर लावल्यावर ती भरल्यासारखी दाखवते, पण आत जागा उरलेली नसते.

तेव्हा तिची परीक्षा घ्या. गाडीतून काढा, निगेटिव्ह आधी सोडायची, लावताना निगेटिव्ह शेवटी. बाहेरच्या चार्जरवर साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास, हवेशीर जागी, जवळ देवाचा दिवा किंवा उदबत्तीही नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. चार्जर काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्होल्ट बघा. मग गाडीत लावून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि त्याच क्षणी बॅटरीच्या पोलांवर व्होल्ट बघा. ९.६च्या खाली गेले तर ती गेली. लोड टेस्टर असलेल्या कुठल्याही बॅटरीवाल्याकडे हेच दोन मिनिटांत होतं.

टेकडीवरची · मंगळवार, रात्री ८.१०

काकांनी सांगितलं तसं केलं. बारा तास चार्ज, बारा तास आराम, सकाळी १२.३८. सेल्फ मारताना ८.७. गाडी सुरू झाली, पण नाखुशीनेच. शेजारच्या बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टही केली, काटा लाल पट्टीत.

म्हणजे नवी लागणारच. वॉरंटीत बदलून मिळेल का? आणि घ्यायची तर काय बघू?

चिंचवड_७८ · मंगळवार, रात्री ९.३५

वॉरंटी कार्डावर दोन आकडे असतात. पहिले काही महिने मोफत बदलून आणि पुढचे महिने प्रो-राटा, म्हणजे वापरलेल्या काळाप्रमाणे सूट. दुकानातला माणूस दोन्हींची बेरीज करून मोठा आकडा सांगतो, तुम्ही फक्त पहिला विचारा. चौदा महिने म्हणजे तुम्ही मोफतच्या मुदतीत असाल, दावा जरूर करा. पण खोल डिस्चार्जमुळे खराब झालेली बॅटरी बनावटीतला दोष म्हणून धरली जात नाही. ते चार्ज करून तपासतील, आणि नाही म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नका. खरं कारण तुमच्या हेडलाइटमागे होतं.

आता निवड. कंपनीवरून भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. एक्साइड चिंचवडला बनते, टाटा ग्रीन रांजणगावला, अमरॉन आंध्रातून येते. तिन्हींच्या बॅटऱ्या मी वर्षानुवर्षं नीट चाललेल्या पाहिल्यात आणि दुर्लक्षाने मेलेल्याही. त्यापेक्षा बॅटरीवरचा कोड वाचा.

तुमच्या गाडीला बहुधा ३८बी२०एल आहे. पहिला आकडा ताकदीचा. बी हा रुंदी-उंचीचा गट. २० म्हणजे लांबी, सुमारे वीस सेंटिमीटर. शेवटचं अक्षर पोल कुठल्या बाजूला ते सांगतं. एलच्या जागी आर आणली तर केबल पोहोचणार नाही, आणि ओढून-ताणून लावू तर नकाच. ४५ची साधारण ५५बी२४एल असते, जवळपास चार सेंटिमीटर लांब. तुमच्या ट्रेमध्ये बसली नाही तर ती वरच्या पट्टीने घट्ट आवळता येत नाही, आणि खड्ड्यांतून हादरणारी बॅटरी आतून लवकर सुटते. पुण्याचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. अल्टरनेटरला मोठ्या बॅटरीने इजा होत नाही, ती भीती खोटी. पण बी२० आणि बी२४ यांच्यात पोल जाड-बारीकही असू शकतात, मग क्लॅम्प सैल राहतो. म्हणून कंपनीने दिलाय तोच साइज घ्या.

तारीख बघा. बनवल्याची तारीख बॅटरीवर कोरलेली किंवा छापलेली असते, दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी नको. तुमचा मीटर बरोबर न्या आणि दुकानातच टेकवा, १२.५च्या खाली असेल तर दुसरी मागा. कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर तिथेच घालून घ्या.

आणखी एक, इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. तुमची गाडी सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबल्यावर सुरू होणारी असेल तर साधी बॅटरी चालणार नाही. तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, अशा गाड्यांसाठीच बनवलेली बॅटरी लागते. साधी स्वस्त पडते, पण दिवसात पन्नासदा सेल्फ मारणं तिला झेपत नाही.

जुनी_पद्मिनी · बुधवार, सकाळी ७.०५

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. ती फोडून ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात, मी स्वतः पाहिलंय. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून रीतसर रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदार जुनी घेऊन नव्याच्या बिलातून रक्कम वजा करतो, बिलावर ती वेगळी दाखवायला सांगा.

आणि अलार्मचं काय ठरलं? बाबांचा जीव त्यात आहे, हे मी समजू शकतो.

टेकडीवरची · बुधवार, रात्री १०.००

त्यावर काल घरी दोन तास बोललो. मी बाबांना सांगितलं, की नव्या गाडीच्या किल्लीतच इमोबिलायझर असतो, चिप जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. आपल्या गाडीत तो कंपनीचाच आहे. सायरन त्याच्यावर काही भर घालत नव्हता, आणि गेली तीन-चार वर्षं तो वाजल्यावर खिडकीतून कुणी डोकावतही नव्हतं. ते मान्य केलं त्यांनी. विम्यात सवलत जाईल का, असं विचारत होते.

पाषाणकर · बुधवार, रात्री १०.२५

सवलत एआरएआयने (गाड्या आणि त्यांचे भाग तपासणारी संस्था) मान्य केलेल्या चोरी-प्रतिबंधक उपकरणाला मिळते, तेही बसवल्याचं प्रमाणपत्र असेल तर. ओन डॅमेज प्रीमियमवर (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता) २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. पॉलिसीच्या कागदावर बघा, तुम्हाला ती मिळतेय का.

टेकडीवरची · गुरुवार, रात्री ९.१५

पॉलिसी पाहिली, सवलत कधी मिळालेलीच नव्हती. आठ वर्षांत एकदाही नाही.

आज वारज्याला जाऊन दादांकडून काम करून घेतलं. सायरन आणि गंजलेली पिन काढली. सेंट्रल लॉकचा डबा ठेवला, कारण आईला रिमोटची सवय आहे. कट मारलेल्या वायरी सोल्डर करून, वर आवरण घालून नीट केल्या. दादांनी सायरन माझ्यासमोर उघडला. आत तीन गोल सेल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, फुगून प्लास्टिक फाटलेलं, आणि तांब्याच्या पट्टीवर हिरवा-पांढरा थर, जुन्या पितळी भांड्याच्या तळाला येतो तसा. इतकीशी गोष्ट. ती हातात घेऊन मला ती रात्र आठवली.

नवी बॅटरी ३८बी२०एल, सहा आठवड्यांपूर्वी बनलेली. दुकानात मीटर टेकवला, १२.६४. पहिली दाखवली ती १२.३ होती, ती मी परत केली आणि दुकानदाराने काही न बोलता दुसरी काढून दिली. टर्मिनल कोमट पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, कोरडी करून, वर व्हॅसलिन लावलं. रात्री परत ड्रेन मोजला, ५१ मिलीअँप.

वायरिंगवाला · गुरुवार, रात्री ९.५०

५१ काठावर आहे. डबा जुना आहे, त्याचे ते २४ जाणारच. आठवड्यातून एकदा चालवणाऱ्या गाडीला चालेल, तीन आठवडे गावाला जाणार असाल तर तो काचेचा फ्यूज काढून जा, मी तो आता हाताला येईल असा लावलाय. रविवारी निदान चाळीस मिनिटं सलग चालवा, सिंहगड रस्त्यापेक्षा बायपास बरा.

आणि जंपर केबल डिकीत ठेवा. लावायचा क्रम असा. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर तिच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तर तिथे उडू दे.

टेकडीवरची · पुढचा शनिवार, सकाळी ८.३०

नऊ दिवस गाडी मुद्दाम हलवली नाही. आज पहाटे साडेपाचला, काहीच कारण नसताना, बाबांना घेऊन खाली गेले. मीटर टेकवला, १२.४२. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात सुरू. आई गॅलरीतून बघत होती.

बाबांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर रकाना आखलाय. दर रविवारी सकाळी गाडी काढण्याआधीचे व्होल्ट. पहिल्या ओळीत १२.६४, दुसरीत १२.४२. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीचा ड्रेन उद्या मोजायचा ठरलाय, मीटर त्यांच्याकडे आत्ताच देऊन आले.